मास्तरांचा कान

मास्तरांचा डावा कान गेला त्याला पाच महिने झाले होते आणि ही गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होती. कानाच्या डॉक्टरलाही होती म्हणा, पण त्यानं "दहा दिवस आधी आला असतात तर काहीतरी करता आलं असतं" असं म्हणून कागद हातात ठेवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. सर्दीनं दडा बसला असेल, सुटेल आपोआप, म्हणत मास्तर दोन आठवडे घरात बसले होते. तेवढ्यात जायचं ते गेलं.

दुसऱ्या कुणाचा कान गेला असता तर एवढं बिघडलं नसतं. वाण्याचा गेला, शिंप्याचा गेला, तर गिऱ्हाईक जरा मोठ्यानं बोलतं, बस्स. पण मास्तर एकतीस वर्षं एका दुकानातर्फे लोकांच्या घरी स्पीकर बसवत होते आणि ते दुकान त्यांच्या कानावर चालत होतं. गिऱ्हाईक यायचं, चार जोड्या ऐकायचं, गोंधळायचं आणि शेवटी विचारायचं, "मास्तर, तुम्ही कुठली घ्याल?" ते सांगतील ती जोडी घरी जायची. घरी सगळं जोडून झालं की मास्तर घरमालकाला खुर्चीत बसवायचे, गाणं लावायचे आणि म्हणायचे, "डोळे मिटा आणि गाणारी बाई कुठं उभी आहे ते बोटानं दाखवा."

स्पीकर नीट लागले असले की आवाज दोन खोक्यांच्या मधल्या मोकळ्या भिंतीतून येतो, तिथं खरंच कुणी उभं राहून गातंय असं वाटतं. एका स्पीकरच्या दोन तारा उलटसुलट लागल्या की मात्र बाई गायब. आवाज खोलीभर पसरतो आणि खर्ज पातळ होतो. दोन कानांच्या माणसाला हे शांत बसून ऐकलं की कळतं. एका कानाला बाई कुठंच उभी दिसत नाही, तारा सुलट लावा की उलट.

"अहो, दुकानात सांगून टाका एकदाचं," बायको म्हणायची. "किती दिवस झाकून ठेवणार?"

"सांगू आणि काय करू? वायरी ओढायला लंबू आहे. हिशेबाला ताई आहेत. कान गेलेला मास्तर कुणाला हवाय?"

खरं म्हणजे ते घाबरले होते. सत्तावन्नाव्या वर्षी माणूस नवीन काय शिकणार? म्हणून मग युक्त्या सुरू झाल्या. स्वतः काही बोलायचं नाही, गिऱ्हाइकालाच विचारायचं, "कसं वाटतंय?" त्याचा चेहरा वाचायचा आणि मान डोलवायची. पाच महिने हे खपून गेलं. मास्तरांना वाटलं, आपण भलतेच हुशार आहोत.

लंबू त्यांचा जोडीदार. शिडीशिवाय छताला हात पोचायचा म्हणून लंबू. अकरा वर्षं दोघं एका गाडीतून कामाला जायचे. लंबूला कानाचा भरवसा नव्हता, तो खिशात पेन्सिल सेल ठेवायचा. सेल तारांना टेकवला की स्पीकरचा पडदा हलतो. बाहेर आला तर तारा सुलट, आत गेला तर उलट. मास्तर त्याची भारी टिंगल करायचे. "अरे, आपण काय टॉर्च दुरुस्त करतो का? ठेव तो खिशात." लंबू हसायचा आणि सेल ठेवून द्यायचा.

मग दाताच्या डॉक्टरीणबाईंचं काम आलं. त्यांचे वडील हल्लीच त्यांच्याकडे राहायला आले होते. म्हाताऱ्याला गाण्याशिवाय दुसरा शौक नव्हता. दुकानात बाईंनी सहा जोड्या ऐकल्या, तासभर घेतला. शेवटी मास्तरांनीच लाकडी खोक्यांची एक जोडी काढून दिली. घरात वायर भिंतीतल्या जुन्या नळीतून गेलेली, मध्ये जोड, तारांचे रंग सारखेच. लंबूनं वायर ओढली आणि तेवढ्यात त्याला घरून फोन आला, आई बाथरूममध्ये पडली होती. तो धावत गेला. शेवटची जोडणी मास्तरांनी केली. खर्ज जरा पातळ वाटला, पण खोलीला मोठ्या काचा होत्या, त्यांनी काचांवर खापर फोडलं. बाईंना विचारलं, "कसं वाटतंय?"

"छान! सगळीकडून येतोय आवाज," बाई म्हणाल्या. मास्तरांनी हत्यारं आवरली. बाहेर राहिलेल्या वायरी पट्टीखाली लपवायला लंबू नंतर एकटाच जाऊन आला.

सतराव्या दिवशी त्याच बाई दुकानात येऊन बसल्या. दुकान ज्यांचं, त्यांना सगळे ताई म्हणत. ताईंनी मास्तरांना आणि लंबूला आत बोलावलं.

डॉक्टरीणबाई आवाज न चढवता बोलत होत्या, ते जास्त वाईट होतं. वडील पहिल्या दिवसापासून म्हणत होते, गाणारी कुठं गेली, मध्ये कुणीच नाही. घरच्यांना वाटलं, वयानं कान गेले असतील, नाहीतर डोकं. त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं, मग डोक्याच्या. आवाजबंद खोलीत बसवून तपासलं. कान ठणठणीत निघाले. मग दुसऱ्या दुकानाचा माणूस आणला, त्यानं दोन मिनिटांत एका स्पीकरच्या तारा फिरवल्या. "दोन आठवडे आम्ही त्यांना वेड्यात काढलं," बाई म्हणाल्या. "ते आता आमच्याशी बोलत नाहीत." आणि उठून गेल्या.

ताई लंबूकडे वळल्या. मास्तरांकडे त्यांनी पाहिलंही नाही. मास्तरांच्या कानातून हे सुटलं असेल ही शंकाच त्यांना शिवली नाही.

"मास्तर ऐकून, बघून आले. मागाहून वायरी लपवायला तू एकटा गेला होतास. काय हलवलंस?"

"काही नाही, ताई. फक्त पट्ट्या मारल्या. आजोबा तिथं झोपले होते, सेल टेकवला की स्पीकर खटकतो, म्हणून तपासता आलं नाही. मी परत येतो म्हणालो होतो, पण त्यांनी बोलावलंच नाही."

"परत कशाला जायचं होतं? मास्तरांनी पास केलेलं काम तू परत का बघणार?"

लंबूनं एकदा मास्तरांकडे पाहिलं. मास्तर समोरच्या खोक्यावरची किमतीची चिठ्ठी वाचत होते.

"तू गिऱ्हाइकांच्या घरी मागाहून जातोस हे माझ्या कानावर आलंय," ताई म्हणाल्या. "खासगी कामं धरतोस ना? मला सगळं कळतं. उद्यापासून येऊ नकोस."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. लंबू मागच्या खोलीत गेला, आपली पक्कड आणि डबा घेतला. मास्तर त्याच्यामागं गाडीपर्यंत गेले.

"खासगी कामं करायचास?" त्यांनी विचारलं. तेच खरं निघालं तर बरं, असं त्यांना वाटत होतं.

"चार घरं उलटी लागली होती, मास्तर," लंबू म्हणाला. "गच्चीवाल्यांचं, वकिलांचं, त्या जुळ्या बहिणींचं आणि शाळेमागचं. मी जाऊन फिरवून आलो. उन्हाळ्यापासून तुम्हाला डाव्या बाजूनं हाक मारली तर ऐकू येत नाही. मी उजवीकडून चालतो, तुमच्या लक्षात आलं नाही का?"

मास्तरांना ओशाळल्यासारखं झालं. "मला बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होतो. आताही आत बघत होतो." त्यानं डबा काखेत मारला. "आईच्या मांडीला प्लेट टाकलीय. निघतो."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. मास्तर रस्त्यात तसेच उभे राहिले. मग वळले आणि तडक आत गेले, कारण थोडं थांबलो तर आपण जाणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"ताई, चूक माझी होती. ती जोडणी मी केली. माझा एक कान गेलाय, मला कळत नाही आता."

ताईंनी चष्मा काढला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मास्तर, त्या पोरासाठी तुम्ही स्वतःवर घेताय? कान गेला म्हणे. तुमचा कान गेला तर मी दुकानाला कुलूप लावीन. अकरा वर्षं त्याला हाताशी धरलंत, तुमचं मन मोठं आहे. पण असल्या माणसाची भलामण करू नका. जा, चहा घ्या."

आता फक्त एक वाक्य लागत होतं. माझ्या डाव्या बाजूला उभ्या राहा आणि हळू काहीतरी बोला, एवढंच. डॉक्टरचा कागद तर शर्टाच्या खिशातच होता. मास्तरांना हे सगळं कळत होतं. आणि त्यांना हेही कळलं की आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय, आनंद झाल्यासारखं. त्याची त्यांना लाज वाटली.

"बरं," ते म्हणाले आणि चहा घ्यायला गेले.

संध्याकाळी जेवताना त्यांनी बायकोला लंबूच्या आईच्या प्लेटपर्यंत सगळं सांगितलं, मग आपण परत आत गेलो, असं म्हणाले. तिनं हातातला घास खाली ठेवला.

"म्हणजे सांगितलंत तुम्ही ताईंना?"

"सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

ती उजवीकडे बसली होती. मास्तरांना प्रश्न स्पष्ट ऐकू आला, तरी तो डाव्या कानावर पडल्यासारखं दाखवत ते जेवत राहिले. तिनं तो पुन्हा विचारला, जरा मोठ्यानं, आणि मग उठून त्यांच्या ताटात वाढायला लागली.