पाइप न पोचणारी रांग

कल्पना करा, तुम्ही प्रेमलताच्या शेजारी उकिडवे बसला आहात. एकोणीसशे ब्याऐंशीचा एप्रिल आहे. दहा वर्षांची प्रेमलता सागाच्या रोपाचं एक पान उलटसुलट करून पाहते आहे. वरच्या अंगाला राईएवढे तांबूस ठिपके, खालचं अंग स्वच्छ.

"पानाले गोवर निघाला का, जयवंताबाई?"

हे आनंदराव. वाडीजवळच्या या रोपवाटिकेचे साहेब. आणि ओल्या हातांनी उभी राहिली ती जयवंता, प्रेमलताची आई. रोपांना पाणी घालायचं काम तिचं.

"रोज दोन टाइम पाणी देतो जी."

"मंग वाढून काहून नाही राह्यली? पावसाळ्यात जंगलात लावाची आहेत. दुपारी झोपता, अन् पाणी दिलं म्हणून सांगता. सोमवारपासून दुसरी बाई लावतो मी."

ते गेले. जयवंताने भर उन्हात पुन्हा पाइप उचलला.

इथे जरा थांबू. रोपवाटिकेला लागून अमरावती रोड होता आणि त्यावर दिवसभर ट्रक चालत. अशा धुरावर कडक ऊन पडलं की हवेत ओझोन नावाचा वायू तयार होतो. आभाळात फार उंचावर तो आपल्याला जपतो. जमिनीलगत मात्र पानं जाळतो. पानाला बारीक बारीक तोंडं असतात. पोटभर पाणी प्यालेलं पान ती उघडी ठेवतं, आणि वायू आत शिरतो. तहानलेलं पान ती मिटून घेतं. जळलेलं पान पुरेसं अन्न करू शकत नाही, म्हणून झाड खुंटतं. जंगलातली मोठी झाडंसुद्धा.

जयवंताला हे ठाऊक नव्हतं. साहेबांनाही नव्हतं.

प्रेमलताला तरी कुठून असणार? तिला फक्त कुंपणाजवळची शेवटची रांग दिसली. तिथवर पाइप पोचत नसे; चार-पाच दिवसांनी एखादी बादली मिळे, तेवढीच. रोपं बुटकीच होती, पण पानांवर एक ठिपका नव्हता.

"माय, इकडं पाह्य वं."

जयवंताचा चेहरा उतरला.

"तिकडं रोज बादल्या नेणं नाही होत माह्यानं. साहेबाले सांगू नको."

"पण माय, पानं तर—"

"चूप राह्य."

शनिवारी प्रेमलता साहेबांच्या खोलीत गेली आणि टेबलावर दोन पानं ठेवली.

"याले रोज पाणी भेटते," ठिपक्यांच्या पानावर बोट ठेवून ती म्हणाली. "अन् याले नाही."

आनंदरावांनी चष्मा चढवला. दोन्ही पानं उजेडात धरली, उलटून पाहिली, पुन्हा उलटली.

"उलटं सांगून राहिली तू."

"नाही जी."

"असं? मंग कोणत्या रांगेले रोज पाणी नाही देत तुही माय?"

दारात जयवंता येऊन उभी होती. पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

प्रेमलताने आईकडे पाहिलं. मग पुढे होऊन तिने साहेबांचं बोट धरलं आणि कुंपणाकडे चालू लागली.