तळटिपेतलं नाव

जाड पुस्तकाच्या शेवटी जी सूची असते ती कोणीतरी बसून तयार करतं, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. लोकांना वाटतं, ती आपोआप उगवते. सूचीताईचा या गोष्टीवर कायमचा राग होता. इतिहास, कायदा, धर्म, सरकारी धोरणं असल्या विषयांची पुस्तकं छापण्याआधी तिच्याकडे येत. मग त्यातली माणसं, खटले, कलमं, गल्ल्या एकेक करून वेचायच्या आणि कोण कुठल्या पानावर भेटेल ते अकारविल्हे लावून द्यायचं, हा तिचा धंदा. प्रकाशनात सगळे तिला सूचीताईच म्हणत. तिचं खरं नाव तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं, आणि पुस्तकात तर ते कधीच छापलेलं नव्हतं.

या खेपेला मात्र ते येणार होतं. संपादकांना सगळे मास्तर म्हणत, कारण ते लग्नपत्रिकेतल्याही चुका काढत. तर हे मास्तर कित्येक वर्षांच्या भुणभुणीनंतर अखेर बधले होते. "सूचीच्या शेवटी एक ओळ, बारीक टायपात," ते म्हणाले, "आणि यापुढे माझं डोकं खायचं नाही." तिने घरी येऊन बाबांना सांगितलं, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "बघू, नीट छापतात का." पण दुसऱ्या दिवशी ही बातमी शेजारच्या डॉक्टरांपर्यंत आणि त्यांच्या कंपाउंडरपर्यंत पोचलेली होती.

पुस्तक होतं एका वकीलबाईंचं. शहरातला मोठा रस्ता रुंद करताना एका धार्मिक संस्थेच्या जागा कशा घेतल्या गेल्या, त्यासाठी कायदा कसा वाकवला, संस्थेच्या विश्वस्तांनी कुठे तोंड उघडलं आणि कुठे मिटलं, याची ती सगळी हकिकत. मास्तर म्हणायचे, "इतिहास, कायदा, धर्म आणि धोरण, चारही एकाच पुस्तकात. दुकानदाराला कुठल्या फळीवर ठेवावं तेच कळणार नाही, मग तो काउंटरवर ठेवेल, आणि आपलं भलं होईल."

काम सुरळीत चाललं होतं. मग सातव्या प्रकरणात, पानाच्या तळाशी, बारीक टायपात सूचीताईला बाबांचं नाव दिसलं. पूर्ण नाव, आडनावासकट.

तिने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तळटिपेत लिहिलं होतं की प्रार्थनागृहामागची संस्थेची इमारत मोजणीदाराने सरकारी नकाशावर 'रिकामी' दाखवली. प्रत्यक्षात तिथे अनेक कुटुंबं दोन-दोन पिढ्या राहत होती. आणि या चुकीच्या नोंदीमुळे कोणाचीही सुनावणी न घेता ती इमारत पाडणं सरकारला शक्य झालं. मोजणीदार अमुक अमुक. ते तिचे बाबा.

बाबा एके काळी मोजणी खात्यात होते हे तिला माहीत होतं. ती लहान असतानाच त्यांनी मोजणी सोडून टेबलाचं काम मागून घेतलं, हेही माहीत होतं. का, ते घरात कधी निघालं नाही. त्या रुंद रस्त्यावरून बाबा कधीच जात नसत. भाजी आणायची झाली तरी बोळाबोळांतून लांबचा वळसा घालून जात. आई होती तोवर ती चिडायची आणि आता सूचीताई चिडायची, म्हातारपणाचे चाळे म्हणून. आता त्या वळशाचा अर्थ तिच्यासमोर पानाच्या तळाशी छापलेला होता.

मास्तरांना यातलं काही कळण्याचं कारण नव्हतं. लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं. नवरा फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. विचारायचं तरी कोणाला? तिने चहा टाकला आणि तो उतू जाईपर्यंत खिडकीशी उभी राहिली. परत येऊन बसली, पेन्सिलीला टोक केलं, टोक मोडलं, पुन्हा केलं. बाहेरच्या खोलीत बाबांचा रेडिओ चालू होता आणि ते नेहमीप्रमाणे बातम्या देणाऱ्याशी वाद घालत होते.

आता तिच्या धंद्यात एक नियम आहे. तळटिपेतली नावं सूचीत घ्यायची नाहीत. तळटिपांत नावांचा नुसता बाजार असतो. ती सगळी घेतली तर सूचीच पुस्तकाएवढी होईल. अपवाद एकच: तळटीप जर काही नवीन, महत्त्वाचं सांगत असेल, तर घ्यायचं. या नियमावर तिचा हात इतका बसला होता की तो तिला आठवावाही लागत नसे. आज मात्र तिने तो मनातल्या मनात चारदा म्हणून पाहिला, आणि चारही वेळा पहिल्या वाक्याशीच थांबली. ही तळटीप काही सांगते का? बरंच काही सांगते. दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर तिने डोळे मिटून घेतलं असतं. ते तिला चांगलं कळत होतं, आणि म्हणूनच तिला एका जागी बसवत नव्हतं.

कारण सूचीत नाव असणं आणि नसणं यात फार फरक असतो. असली पुस्तकं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा विरळा. लोक दुकानात उभ्याउभ्या मागचं पान उघडतात, ओळखीचं कोणी सापडतंय का बघतात आणि थेट तिथे जातात. नाव सूचीत नसलं तर ती तळटीप त्या सातव्या प्रकरणात पुरल्यासारखीच. आणि खुद्द बाबांची तर सवयच होती: तिचं कुठलंही पुस्तक छापून आलं की ते मागून उघडायचे, एखादी नोंद निवडायची, ते पान काढायचं आणि ती गोष्ट तिथे आहे की नाही ते पडताळून बघायचं. चूक सापडली की स्वारी दिवसभर खुशीत. या वयात त्यांना स्वतःचंच नाव सापडावं आणि ते असं सापडावं, हे तिला सोसणारं नव्हतं.

तिने नाव घेतलं नाही. दुपारच्या आत सूची मास्तरांकडे धाडून दिली. संध्याकाळी ती छापखान्यात जायची होती.

सुटल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिने कपाट आवरायला काढलं आणि अर्धवट सोडलं. जेवायला बसली, दोन घास खाऊन उठली. मास्तरांना फोन लावला आणि त्यांनी उचलण्याआधीच ठेवून दिला. कपडे वाळत घालायला गेली, ते वाळलेलेच होते. तेच काढून पुन्हा घातले. शेवटी स्वतःवरच वैतागून ती कोपऱ्यावरच्या दुकानात साबण आणायला गेली. साबण घरात होता.

परत आली तेव्हा बाबा तिच्या टेबलाशी बसले होते. समोर सूचीची प्रत. बाबांचं बोट त्यांच्या आडनावाच्या अक्षराखाली वरून खाली आणि पुन्हा खालून वर फिरत होतं.

"हे त्या रस्त्याचं पुस्तक ना?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच परवा फोनवर मास्तरांशी बोलत होतीस. मी म्हातारा आहे, बहिरा नाही." बोट थांबलं. "माझं नाव नाही यात."

तिला वाटलं, ते सुस्कारा सोडतील. त्यांनी सोडला नाही. पत्र न आल्यावर पोस्टमनकडे बघावं तसे ते तिच्याकडे बघत राहिले.

"पुस्तकातच नाही, की तू घेतलं नाहीस?"

खोटं बोलणं तिला जमलं असतं. पण बाबांपुढे तिला ते लहानपणीही कधी धड साधलं नव्हतं. तिने सातव्या प्रकरणाचं ते पान काढून त्यांच्यापुढे ठेवलं. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान डोळ्यांशी नेलं आणि सावकाश वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"तळटीप आहे बाबा," ती घाईघाईने म्हणाली. "तळटिपेतलं नाव आम्ही घेत नाही. तसा नियमच आहे."

"नियमच आहे," बाबा म्हणाले. त्यांनी पान खाली ठेवलं. "बस जरा. मघापासून नुसती येरझाऱ्या घालते आहेस."

ती बसली.

"मी गेलो तेव्हा ती इमारत खरंच रिकामी होती," बाबा म्हणाले. "एक माणूस नव्हता. दारं लोटलेली, आत चिटपाखरू नाही. मी हाका मारल्या, वर जाऊन आलो. आमचा साहेब मोठा कडक. तो सांगायचा, मोजणीच्या वेळी डोळ्यांना दिसेल तेवढंच नकाशावर घ्यायचं. ऐकलेलं नाही, वाटलेलं नाही. मी लिहिलं, रिकामी. नियमानं."

"मग चूक तुमची कुठे?"

"ऐक ना. परत निघालो तर रस्त्याच्या तोंडाशी अख्खी इमारत समोरून चालत येत होती. बायका, पोरं, सगळे. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी बाई त्या दिवशी गेली होती. तिच्या मयताला गेले होते सगळे, झाडून. म्हणून इमारत रिकामी." बाबांनी कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चुलीवर भांडी होती गं. दोरीवर कपडे होते. तेही डोळ्यांना दिसतच होतं की. पण रकाना माणसांचा होता, भांड्यांचा नव्हता."

"साहेबांना सांगायचं होतं."

"नकाशा संध्याकाळी वर जायचा होता. तोवर माझ्याच पिशवीत होता. मी पिशवी मांडीवर घेऊन कचेरीच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. मनाशी म्हटलं, मी नियमानंच लिहिलंय, पुढचं वरचे बघतील, सुनावणी असते, लोक सांगतील. सुनावणी झालीच नाही. रिकाम्या इमारतीची कसली सुनावणी?"

बाहेर रेडिओ अजून चालूच होता. आज त्याच्याशी भांडायला कोणी नव्हतं.

"तुझी सूची गेली का छापखान्यात?" बाबांनी विचारलं.

"संध्याकाळी जाईल."

"म्हणजे पिशवीतच आहे अजून."

सूचीताईने ते पान आपल्याकडे ओढून घेतलं. "लोक तुम्हाला नावं ठेवतील, बाबा. या वयात कशाला?"

"ठेवू देत. त्या माणसांची पोरं आता मोठी झाली असतील. त्यांतलं कोणी हे पुस्तक मागून उघडेल आणि शोधेल, आपलं घर रिकामं आहे असं लिहिलं तरी कोणी. त्याला मी सापडायला नको? आणि नुसतं नाव नको. पुढे काय केलं तेही लिही."

तिने फोन लावला. मास्तर अपेक्षेप्रमाणे भडकले. छापखान्याचा माणूस दारात उभा आहे, म्हणाले, आणि आता तुला नोंदी आठवतायत? सूचीचं शेवटचं पान काठोकाठ भरलंय. एक ओळ बसवतो कशीबशी, दुसरी मागू नकोस, तेवढ्यासाठी कोरा कागद जोडायला मी काही वेडा नाही.

तिने कागदावर मांडून पाहिलं. नाव आणि पानाचा आकडा, एक ओळ. 'इमारत रिकामी असल्याची चुकीची नोंद', दुसरी ओळ. ती पेन्सिल हातात धरून बसली. बाबा शेजारी उभे राहून वाट बघत होते.

"मास्तर," ती म्हणाली, "शेवटची एक ओळ काढा, मग दोन बसतील."

"नक्की?" मास्तरांनी विचारलं, आणि यावेळी त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"नक्की. आणि घाई करा, माणूस ताटकळला असेल."

"काय काढलंस?" फोन ठेवल्यावर बाबांनी विचारलं.

"होतं असंच, बारीकसारीक."

पुस्तक छापून आलं तेव्हा बाबा सकाळपासून दाराशी घुटमळत होते. पाकीट त्यांनीच फोडलं. मुखपृष्ठ पाहिलंच नाही. नेहमीसारखं मागून उघडलं. आपलं आडनाव काढलं, दोन्ही ओळी वाचल्या, सातव्या प्रकरणातलं ते पान काढून आकडा पडताळला. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि बराच वेळ तळहात त्या पानावर ठेवून बसले. सूचीताई उगाचच कपबशा विसळत राहिली. तिला वाटलं, आता पुस्तक मिटतील.

बाबांनी ते मिटलं नाही. पानं उलटत ते सूचीच्या अगदी शेवटाला गेले आणि शेवटच्या नोंदीखाली बोट ठेवून थांबले. तिथून कागदाचा काठच सुरू होत होता.

"इथं कोणी राहत नाही वाटतं," बाबा म्हणाले.

तिने मान वर केली नाही. "जागा नव्हती, बाबा."

बाबा उठून आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. मोजणीच्या दिवसांतली एक कडक शिशाची पेन्सिल घेऊन ते परत आले, पुस्तक टेबलावर सपाट केलं, आणि नकाशावर गल्ल्यांची नावं लिहायचे तशा सरळ, उभ्या अक्षरांत त्या काठावर त्यांनी मुलीचं पूर्ण नाव लिहिलं.