आलेच, पुढे जाऊ नकोस

जुन्या गेमची बाजू घ्यावी असं फारसं काही उरलं नव्हतं, हे चष्मेवाल्यालाही कबूल होतं. तरी चष्म्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर, कमरेला तलवार लावून, त्या जादूच्या राज्यात हिंडायचा. लेक शेजारी उभी राहून आपल्या नव्या गेमचे गोडवे गायची.

"बाबा, आमच्याकडे नकाशावर बोट ठेवलं की थेट तिथे! तुम्ही बसा पूल शोधत. राक्षस मेला की सोनं आपोआप आमच्या झोळीत. तुम्ही आपले वाकून एकेक नाणं वेचताय."

"व्यायाम होतो."

"आणि ते झोपणं? गेम बंद केला की आमचं पात्र दिसेनासं होतं. तुमचं बापडं उघड्यावर पडून राहतं. कुणीही उचलून न्यावं!"

त्याच्या बायकोचं पात्र तसंच पुलाच्या कठड्याला टेकून झोपलेलं होतं. वाटेतलं फूल न फूल ती वेचायची, म्हणून त्यानंच तिचं नाव 'गोगलगाय' ठेवलं होतं. दोघं समुद्र बघायला निघाले होते. अर्ध्या वाटेत तिला खरोखरीची धाप लागली. तिनं लिहिलं, "आलेच, पुढे जाऊ नकोस." निघताना ती 'जाते' कधी म्हणायची नाही, त्यालाही म्हणू द्यायची नाही. दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. ते शब्द अजून तिच्या डोक्यावर तरंगत होते, आणि तो त्या पुलापुढे गेला नव्हता.

मग एके दिवशी जुन्या गेमलाही शहाणपण सुचलं. माणसं नव्याकडे पळत होती, तेव्हा इथेही साऱ्या सोयी येणार होत्या. उद्यापासून झोपलेली पात्रं दिसणार नाहीत, अशी सूचना झळकली. चष्मेवाल्यानं दुकानाचं दार लोटलं आणि गेममध्ये झोपलेल्या गोगलगायीला पाठीवर घेतलं.

लेक डबा घेऊन आली तेव्हा तो पूल ओलांडून टेकडी चढत होता.

"घोडा घ्या ना, बाबा."

"घोड्यावर एकच जण बसतो."

तिनं पडद्यावर आईचे शब्द वाचले. मग स्टूल ओढून ती बापाला खेटून बसली. पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "थांबा, फूल राहिलं. आईनं सोडलं नसतं."

तो वाकला. फूल उचललं.

समुद्र काही फार देखणा नव्हता. निळा पट्टा आणि त्याच त्या लाटा. त्यानं गोगलगायीला वाळूत टेकवून बसवलं आणि वाटेत वेचलेली सगळी फुलं शेजारी ठेवली. उठायला मन होत नव्हतं. शेवटी त्यानं लिहिलं, "जातो."

"बाबा," लेक म्हणाली, "आई रागावेल."

त्यानं ते खोडलं. डोळे पुसले. आणि लिहिलं, "येतो."