एकाच क्रेटमधले बांगडे

"कमळाबाई, औषध नाही ना मारलेलं?"

सुर्वेभाऊंनी बांगड्याचा कल्ला वर करून पाहिला, वास घेतला, बोटाने दाबला आणि परत टोपलीत ठेवला. कमळाचा पारा चढला. हा माणूस लग्न झाल्यापासून तिच्याकडून मासळी नेत होता आणि आजवर त्याने भावाशिवाय कशावरही शंका घेतली नव्हती.

"औषद? कोनी सांगितलान तुमाला?"

भाऊंनी मोबाईल पुढे धरला. पांढरा अ‍ॅप्रन घातलेली एक पोरगी काचेच्या बरणीत थेंब टाकत होती आणि पाणी जांभळं होत होतं. बाजारात कोपऱ्यावर बसणाऱ्या कमळाचा बांगडा, असं पोरगी स्वच्छ नाव घेऊन सांगत होती. यात फॉर्मॅलिन आहे, शेजारच्या जनीच्या बांगड्यात नाही.

"मेलेले प्राणी टिकवायचं औषध आहे ते," भाऊ हळूच म्हणाले, आणि शेजारी जनीकडे वळून त्यांनी चार बांगडे घेतले.

पोरगी कमळाला आठवली. मागच्या आठवड्यात ती दोघींकडून एकेक बांगडा घेऊन गेली होती आणि भावसुद्धा केला नव्हता. तेव्हाच ओळखायला हवं होतं. भाव न करता मासळी नेणारं माणूस सरळ असूच शकत नाही.

पण पोरीवर किती रागावणार? ती पडली शिकलेली. बरणीत रंग आला तो सगळ्या रत्नागिरीने पाहिला. म्हणजे औषध होतं. मग घातलं कुणी?

कमळा आणि जनी मिरकरवाडा बंदरावरच्या मासळीच्या लिलावात नेहमी मिळून बोली लावत. अख्खी क्रेट एकीला झेपत नसे. क्रेट जेटीवरच ओतायची, एकीने दोन वाटे करायचे आणि पाठ फिरवून उभं राहायचं. दुसरीने आधी आपला वाटा उचलायचा. वाटे करणारी लबाडी करील तर नुकसान तिचंच. या रिवाजावर दोघींची उमर गेली होती, पोरांची लग्नं झाली होती. त्या दिवशीचे बांगडेही असेच एका क्रेटमधले होते. आणि तरी जनीचा मासा चांगला, हिचा विषारी!

संशयाला एकदा पाट मांडून दिला की तो जेवूनच उठतो. बर्फ त्या दिवशी कुणी आणला? जनीने. टोपलीवर कुणी पसरला? जनीने. हल्ली गिऱ्हाईक कुणाचं वाढलं? जनीचंच. कमळाने सुरी खाली ठेवली.

"जने, माज्या टोपलीत काय घातलंस?"

जनी सुट्टे पैसे देत होती. तिला आधी थट्टाच वाटली. "तुज्या नवऱ्याची अस्ती," ती हसून म्हणाली.

"हसू नको. येका क्रेटची मासळी. तुजी साफ नि माजीत औषद, ता कसा?"

जनीचं हसू विरलं. "कमळे, वाटे मी केले, उचललास तू. तू कुठला उचलशील ता मना काय ठाव?"

"बर्फ तू घातलास."

"येकाच गोणीतला घातला गो, दोघींच्यात!"

"ता तुलाच ठाव."

आजूबाजूच्या बायका विळ्या थांबवून बघू लागल्या.  जनीने आपली टोपली, पाट, फडकं गोळा केलं आणि बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला, नारळवाल्याशेजारी जाऊन बसली. बघा, कमळा मनात म्हणाली, खरी असती तर भांडली असती.

पुढचे दिवस वाईट गेले. येणारं-जाणारं गिऱ्हाईक टोपलीकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघून पुढे जाई. उरलेली मासळी मांजरांना घालताना तिला भरून येई, पण ती रडली नाही. रडले तर लोक म्हणणार, खरंच घातलं होतं.

आणि एका सकाळी तीच पोरगी तिच्यासमोर उभी राहिली. सोबत साडीतल्या एक बाई होत्या.

"पयला मोबाईल हितं ठेव, पालथा," कमळा म्हणाली. पोरीने तो मुकाट्याने ओल्या पाटावर ठेवला.

"मावशी, मी वैष्णवी. चूक माझी झाली. आमच्याकडे एकच नवा डबा उरला होता, त्यात जनीमावशींचा बांगडा गेला. तुमचा बांगडा मी प्राणिशास्त्राच्या कपाटातल्या बरणीत ठेवला. त्या बरणीत आधी साप होता, फॉर्मॅलिनमध्ये. मी ती नुसती विसळली."

"मी रजेवरून आल्यावर तिला त्याच बरणीत नुसतं पाणी घालून बघायला लावलं," बाई म्हणाल्या. त्या वैष्णवीला शिकवत होत्या. "तोच रंग आला. मासा नसताना."

कमळाने दोघींकडे नीट पाहिलं. सारवासारव तर नाही? कुणी पोलिसाचा धाक घातला असेल का? "मग ह्या आदी करायचा नाय? माजा नाव घेन्याच्या आदी? काय शिकवतांव काय तुमी कॉलेजात?"

बाईंचा चेहरा पडला. "रंग कसा आणायचा ते शिकवतो. आलेल्या रंगावर संशय घ्यायला नाही शिकवत. कुणाचं नाव कधी घ्यावं, तेही नाही. मी त्यासाठी तास मागितले होते. वरचे म्हणाले, संस्कार घरी होतात, तुम्ही पोर्शन पुरा करा."

वैष्णवी रडत होती. "मी नवा व्हिडिओ टाकलाय, मावशी. चूक माझी, असं नाव घेऊन सांगितलंय. पण तो कुणी बघतच नाही."

"दोन्ही मासे एकाच क्रेटचे होते, हे आम्हाला माहीत असतं तर..." बाई म्हणाल्या. "एका क्रेटची दोन उत्तरं आली, तर आधी तपासणीवरच शंका घ्यायची असते."

 त्यांना माहीत नव्हतं. कमळाला होतं. पोरीने निदान एक बरणी तरी बघितली होती. हिने काय बघितलं होतं? तिला बाजाराच्या दुसऱ्या टोकाकडे मान वळवायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मिरकरवाड्याला तिने एकटीने बोली लावली आणि न झेपणारी क्रेट घेतली. जेटीवर बांगडे ओतले, दोन वाटे केले. एक जरा मोठा वाटला म्हणून त्यातला बांगडा इकडे टाकला, पुन्हा तिकडे. मग जनी येताना दिसली तशी ती पाठ फिरवून उभी राहिली.

पावलं जवळ आली. थांबली.

"पोरगी माज्याकडंय आलेली," जनी म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर कमळाला बरं वाटलं असतं. "दोनीव तुजेच, कमळे. मी आता येकटीच घेतंय."

पावलं गेली. कमळा वळली नाही. कावळे जमू लागले, तरी बराच वेळ ती तशीच पाठ फिरवून उभी होती. आधी उचलायचा मान तिचा नव्हता.