गाडीतली टकटक माझी आहे

मित्रांनो, आधी एक गोष्ट ठरवून टाकू. मला चिल्लर म्हणायचं नाही. दिसते मी रुपयाएवढी, गोल, चपटी, पोलादी. पण मी एक जुनी शिम आहे, म्हणजे इंजिनातली फट राखणारी चकती, आणि माझं काम तुमच्या कुठल्याही नाण्याला जमणार नाही. विश्वास बसत नसेल तर पुढचं ऐका. बसत असेल तरी ऐका, कारण मला सांगायचंच आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. भट्टीत लाल होईपर्यंत तापवलं, तेलात बुचकळलं, मग दोन्ही अंगांनी घासून चकचकीत केलं. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणी होत्या. कुणी केसभर जाड, कुणी केसभर पातळ, आणि जिची तिची जाडी पाठीवर कोरलेली. बसवताना हा आकडा खाली ठेवायचा असतो, नाहीतर वरच्या घर्षणाने तो पुसून जातो. त्यामुळे माझा आकडा कुणाला दिसत नाही आणि त्याचं मला काही वाटतही नाही.

माझी जागा इंजिनात, एका व्हॉल्व्हच्या डोक्यावर. वर एक दांडा फिरतो. त्याला अंड्यासारखे उंचवटे असतात, त्यांना कॅम म्हणतात. उंचवटा आला की तो मला दाबतो, मी व्हॉल्व्हला दाबते आणि व्हॉल्व्ह उघडतो. उंचवटा पुढे गेला की व्हॉल्व्ह बंद. आता नीट ऐका, सगळं भांडण इथंच आहे. इंजिन थंड असताना कॅम आणि माझ्यामध्ये एक बारीक फट ठेवतात. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी वाढते, तिला वाढायला जागा नको का? फट नसली तर व्हॉल्व्ह पुरता बंदच होत नाही. मग झाकण तिरकं बसलेल्या कुकरसारखी इंजिनाची सगळी ताकद निसटून जाते. फट असली की थोडी टकटक होते. ती टकटक माझी आहे, आणि मी ती कधीच लपवली नाही.

माझी गाडी जुनी, गॅसवर चालणारी. पिपरी मेघेच्या माधवीताईंनी ती विकत घेतली आणि फक्त बायकांसाठी ड्रायव्हिंग क्लास काढला. शिकाऊ गाडीच्या इंजिनाचे काय हाल होतात ते मला विचारा! कुणी एक्सिलेटर दाबून धरतं, कुणी क्लच धाडकन सोडतं, कुणी भर चौकात गाडी बंद पाडतं आणि वर म्हणतं, "मॅडम, गाडीच खराब आहे वो!" मी सगळं निमूटपणे सोसलं. म्हणजे निमूटपणे नाही, टकटक करत सोसलं.

या शिकणाऱ्यांमध्ये एक होत्या कुंताबाई. वय पन्नाशीकडे झुकलेलं. बोरगाव मेघेच्या कडेला त्यांचा भाजीचा तुकडा, त्यात मेथी, पालक, वांगी. घरी एक छोटी मालगाडी होती. यजमान होते तोवर ते चालवायचे, ते गेल्यावर खुशाल नावाचा धाकटा दीर चालवू लागला. पण तो उठणार आपल्या मर्जीनं. भाजी बाजारात पोचेपर्यंत भाव उतरलेला आणि पालक सुकलेला. शेवटी कुंताबाईंनी ठरवलं की आपली गाडी आपणच चालवायची. भीती वाटली तरी त्या स्टिअरिंग सोडत नसत, आणि मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या.

मग ती नसती कटकट सुरू झाली. नवीन आलेल्या पोरी विचारू लागल्या, "मॅडम, हे इंजिन फुटून-गिटून तं नाई जाणार?" माधवीताईंना लाज वाटली. त्या गाडी घेऊन बबनरावांच्या गॅरेजात गेल्या.

"बबनराव, हा आवाज बंद करून द्या. पोरी भिऊन राह्यल्या."

"ताई, थोडा आवाज चांगला असते. राहू द्या."

"मले काही सांगू नका. आवाज नाई पायजे म्हंजे नाई पायजे!"

बबनराव वैतागले. त्यांनी मला उचकटून बाहेर काढलं आणि माझ्या जागी माझ्यापेक्षा जाड शिम बसवली. फट गेली, टकटक गेली. "घ्या," ते म्हणाले, "आता मांजरावानी चालते." माधवीताई खूश! आणि मी गिअरजवळच्या खळग्यात, चॉकलेटच्या कागदांबरोबर पडलेली. मित्रांनो, मला राग आला, फार राग आला. आयुष्यभर मार खाल्ला तो मी, आणि बक्षीस काय, तर हे!

दुसऱ्या दिवशी कुंताबाईंनी मला उचललं. "मॅडम, हे नेऊ का? माह्या तराजूचं एक पारडं हलकं आहे."

"न्या ना. भंगारच आहे ते."

भंगार! हा शब्द मी विसरलेली नाही.

कुंताबाईंनी मला चिंधीत बांधलं आणि हलक्या पारड्याला लटकावलं. तराजूचा काटा सरळ झाला. अशा वजनाला पासंग म्हणतात. बांधावर बसून त्या भाजी विकत, आणि माझ्या देखत कुणाला पानभर मेथी कमी गेली नाही. तेही काम मी मान वर करून केलं. रुसून बसणं माझ्या स्वभावात नाही.

तिथंच एका संध्याकाळी खुशाल आला. "वयनी, काऊन उगाच टाइम घालवून राह्यल्या? आपल्या गाडीले गिऱ्हाईक आलं आहे. आइतवारी देऊन टाकतो."

"शुक्रवारी ट्रायल आहे माही," कुंताबाई म्हणाल्या. "पास झाली तं?"

खुशाल हसला. "पास झाल्या तं किल्ली तुमची. नाई तं गाडी गेली समजा."

"बोलला आता. मंग फिरू नको."

शिकाऊ लायसनची मुदतही त्याच आठवड्यात संपत होती. शुक्रवार हुकला की सगळं पहिल्यापासून, आणि तोवर गाडी दुसऱ्याच्या दारात. हे कुंताबाईंना ठाऊक होतं, मलाही.

गुरुवारी त्या सरावावरून आल्या त्या मान खाली घालून. मेथीच्या जुड्या बांधता बांधता एकट्याच बोलत होत्या. "पुलाच्या चढावर गाडी दम तोडून राह्यली. मी क्लच बराबर सोडला होता. मॅडमनं केलं तरी तेच. आता बबनरावाकडे ढकलत नेली."

माझ्या लगेच ध्यानात आलं. गॅसवरच्या इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू आपल्या बैठकीत रुतत जातो आणि फट आपोआप कमी होते. तिथं आधीच जाड शिम कोंबलेली! व्हॉल्व्ह बंदच होत नसणार. मी चिंधीतून जीव तोडून ओरडले. पण वर कॅम नसेल तर माझा आवाज कुठून निघणार?

शुक्रवारी सकाळी पालक विकून कुंताबाई तराजूची पिशवी घेऊन थेट गॅरेजात गेल्या. इंजिन रात्रभर थंड झालं होतं, आणि फट मोजायला ते थंडच लागतं. बबनरावांनी वरचं झाकण उघडून प्रत्येक कॅमखाली पातळ पट्टी सरकवली. एका ठिकाणी सगळ्यात पातळ पट्टीही शिरेना.

ते खाली बसले. "चूक माही आहे ताई. तुम्ही म्हटलं आवाज बंद करा, अन् मी केला. नाई म्हणाले पायजे होतं. नशीब, व्हॉल्व्ह जळला नाई अजून."

"मग बदला ना ती शिम!" माधवीताई म्हणाल्या. "बाराला ट्रायल आहे यांची."

बबनरावांनी डबा उपसला. हवी ती जाडी नव्हती. जुन्या गाडीचा माल, नागपूरहून यायला दोन-तीन दिवस.

"मग हीच घासून पातळ करा."

"वरची कडक कातडी निघून जाईन. पंधरा दिवसांत खड्डा पडते." बबनरावांनी कपाळावरचा घाम पुसला. "मी काढली होती ते जुनी कुठं आहे?"

माधवीताईंनी हळूच कुंताबाईंकडे पाहिलं. कुंताबाईंचा हात आधीच पिशवीत गेला होता. त्यांनी दातांनी चिंधीची गाठ सोडली आणि मला बबनरावांच्या तळहातावर ठेवलं. "हे घ्या. तराजूले मी गोटा बांधतो."

बबनरावांनी मला पुसलं, मोजलं, आकडा खाली ठेवून बसवलं. दांडा फिरवला आणि पट्टी घातली. पट्टी हलकेच अडत आरपार गेली, अगदी हवी तशी. चावी फिरली, आणि मित्रांनो, मी वाजले! टक, टक, टक. माधवीताईंनी सवयीनं कानांवर हात नेले, मग त्यांनाच हसू फुटलं. "वाज बाई वाज," त्या म्हणाल्या.

ट्रायलच्या मैदानावर मधोमध चढ होता. चढावर गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा वर न्यायची. कुंताबाईंनी हँडब्रेक ओढला. शेजारी बसलेले साहेब कान टवकारून म्हणाले, "बाई, गाडी फार वाजते तुमची."

"वाजते म्हणूनच चढते, साहेब."

त्यांनी क्लच हळूहळू सोडला. कॅम माझ्यावर आदळत होता आणि मी एकही मार चुकवला नाही. माझा व्हॉल्व्ह दर वेळी घट्ट मिटला. गाडी एक बोटभरही मागे गेली नाही, सरळ वर गेली. साहेबांनी मान डोलावली. कुंताबाई उतरल्या, पदरानं डोळे टिपले आणि आधी माधवीताईंच्या गळ्यात पडल्या.

सोमवारी क्लाससमोर एक छोटी मालगाडी येऊन थांबली. स्टिअरिंगवर कुंताबाई होत्या. शेजारी खुशाल, कडीला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेला. कुंताबाईंनी माधवीताईंना मेथीची जुडी दिली आणि आमच्या बॉनेटवर थाप मारली. "यात माहं पासंग आहे. जपजा त्याले!"

जपायचं म्हणजे काय, ते आता मीच सांगते. मला मखमलीत ठेवू नका, पुजूही नका. ठरल्या वेळी थंड इंजिनात माझी फट मोजा. कमी-जास्त झाली तर जिथं जी शिम शोभते तिथं ती बसवा. आणि कुणी वाजत असेल तर आधी त्याला विचारा, का वाजतोस? उत्तर न ऐकताच त्याचं तोंड बंद करून टाकाल, तर चढावर रडायची वेळ तुमच्यावर येईल.

कुणाला माझा आवाज अजूनही खुपतो. खुपू दे! मी इथंच आहे. आकडा खाली, तोंड वर. टक, टक, टक.