चौऱ्यांशीची उडी

चेअरमनसाहेब, तुम्ही आमचा चारा चोरला नाही. चोरला असता तर पोलिसांत तरी गेलो असतो. तुम्ही जवळजवळ सगळ्या गावाला अशा रांगेत उभं केलं, जी पुढं सरकतच नाही. आणि वर म्हणता, धीर धरा.

सोसायटीची चाऱ्याची कार्डं तीनशे साठ. माझं दोनशे अकरा. कडब्याचा ट्रक रोज एकच येणार, तो पाच कार्डांना पुरणार, हे चावडीवर तुम्हीच सांगितलं. ओळीनं वाटलं तर वरच्या आळीला आधी मिळेल आणि खालची आळी बघत बसेल, म्हणून उड्या मारत जायचं ठरलं. एक आकडा धरायचा, तेवढं पुढं मोजायचं, जे कार्ड येईल त्याला गाडीभर कडबा. तीनशे साठ ओलांडले की परत एकपासून मोजत पुढं.

आकडा कोणता? मागून कुणीतरी ओरडलं, "चौऱ्यांशी! चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा हाय बे, त्यातून कोन सुटतंय?"

लोक हसले. टाळ्या पडल्या. मीही वाजवली.

पहिल्या दिवशी चौऱ्यांशी, एकशे अडुसष्ट, दोनशे बावन्न, तीनशे छत्तीस, मग वळून साठ. दुसऱ्या दिवशी एकशे चव्वेचाळीसपासून पुढं. आकडे असे उधळलेले की वाटायचं, आज नाही तर उद्या आपलाही येणार. आमच्या बैलजोडीतला बांड्या पाचव्या दिवशी बसला. दोघं शेपटीला-शिंगाला धरून उठवायचो तेव्हा उभा राहायचा. दसऱ्यानंतर ऊसतोडीला गाडी जाते ती या जोडीवर. एक बैल गेला की गाडी गेली, आणि गाडीशिवाय मुकादम आम्हाला दारात उभं करत नाही.

सातव्या दिवशी सेक्रेटरी बंकटनं पहिलाच नंबर पुकारला, "चौऱ्यांशी!"

"आरं, त्यांनी तर मागच्याच हप्त्यात नेला की!"

"फेरा हाय. फिरनारच," बंकट म्हणाला. "घाई झाली आसंल तर देवाला इचारा."

माझी बायको तुळजा शाळेत गेलेली नाही. पण उसाच्या मोळ्या मोजून मोजून तिचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का. ती तिथंच गोदामाच्या सावलीत बसली आणि बोटानं मातीत रेघा ओढायला लागली. मी म्हणालो, "ऊठ, लोक बघायलेत."

"बघू द्या. आवं, सा दिवसांत एक तरी इषम नंबर आला का?"

मी आठवलं. एकही नाही.

"चौऱ्यांशी समच. तीनशे साठ बी समच. समातून समाचीच उडी, तर इषमावर पाय पडंलच कसा?"

मग तिनं सहा दिवसांचे नंबर माझ्याकडून वदवून घेतले. सगळे बाराच्या पटीतले. तीस कार्डं, फक्त तीस. तीनशे तीस कार्डं रांगेत नुसती शोभेला. ती तीसही सगळी तुमच्या भावकीची नाहीत, हे मी मान्य करतो. बारा नंबर छबुबाईचा. विधवा बाई, एक शेळी. गाडीभर कडबा पाहून ती रडली आणि दोन पेंढ्या आमच्या दारात टाकून गेली. पण उरलेल्यांत तुमचे दोन चुलते, मेव्हणा आणि बंकट स्वतः आहे, हेही मी लिहितो.

आम्ही तुमच्या ओसरीवर आलो. तुळजानं बारा चिंचोके गोल मांडले. चारची उडी मारली, तर चार, आठ, बारा, आणि परत चार. मग पाचची मारली. पाच, दहा, तीन, आठ, एक, सहा, अकरा... एकेक करत बाराही चिंचोक्यांना तिचं बोट लागलं.

"सायेब, तसंच सत्त्याहत्तर धरा. त्याला नि तीनशे साठाला दोन्हींना भागनारा आकडाच न्हाई, म्हून एक बी कार्ड सुटत न्हाई. उद्यापासून धरा."

तुम्ही चिंचोक्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "राधाकिशन, बायकोला घरी न्हे. ठराव झालाय गावाचा. बदलायचा तर सभा बोलवावी लागंल. सभा पाडव्यानंतर."

"तवर बैल थांबंल का?" तुळजानं विचारलं.

"बैलाला ठराव वाचून दाखव," बंकट म्हणाला, आणि ओसरी हसली.

मला त्या हसण्याची चीड नाही. चीड याची आहे की तुम्ही हसला नाहीत. तुम्ही पायानं चिंचोके विसकटले, तेही आधी पाचची उडी पूर्ण होऊ दिल्यावर. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. कधी कळलं, त्या दिवशी की चावडीवर आकडा ठरायच्या आधी, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

आज सकाळी बांड्याला उठवायला चार माणसं लागली. अजून उभा आहे. उद्या ट्रक येईल. बंकट कोणत्या आकड्यानं मोजणार, चौऱ्यांशी की सत्त्याहत्तर? सभेत नको, पाडव्यानंतर नको. ट्रक यायच्या आत सांगा.