पिंपांखालची पिवळी गाडी

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो, आणि माझ्या जातीच्या गाड्यांना लोक सुपरकार म्हणतात. जुनी म्हणवून घेताना मला अजून थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण माझ्या चाकांनी फारसा रस्ता पाहिलेलाच नाही. असं का झालं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म मोदेनाजवळच्या एका कारखान्यात झाला. माझं ॲल्युमिनियमचं अंग घडवणारा कारागीर पत्र्यावरून तळहात फिरवायचा, मध्येच थांबायचा, हातोडीचा एक हलका ठोका द्यायचा आणि पुन्हा हात फिरवायचा. इंजिन मात्र पहिल्या बोल्टपासून शेवटच्या बोल्टपर्यंत एकाच बाईने जोडलं. सहा-सहाच्या दोन रांगांत बारा सिलिंडर, आणि त्यांच्यावर मॅग्नेशियमची झाकणं, कारण हा धातू ॲल्युमिनियमपेक्षाही हलका. ही झाकणं लक्षात ठेवा.

मला विकत घेतलं इव्हानो बेल्लेई यांनी. त्यांचा फरश्यांचा कारखाना होता आणि हातांना कायम मातीचा बारीक थर असायचा. माझ्यात बसण्याआधी ते हात दोनदा धुवायचे. रविवारी सकाळी ते मला सुरू करायचे आणि तसेच बसून राहायचे. शेजारच्या सीटवर त्यांची लहानगी ओत्ताविया अधीर होऊन पाय हलवायची.

"पप्पा, चला ना."

"थांब. तेल अजून झोपलंय."

थंड इंजिनावर जोर टाकायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज आहे. तेल घट्ट असतं, सगळीकडे नीट पोचलेलं नसतं आणि धातूवर धातू घासतो. तेलाच्या तापमानाचा काटा हळूहळू वर यायचा, दोघं त्याच्याकडे बघत बसायची. मग इव्हानो म्हणायचे, "आता." आणि आम्ही डोंगराकडे निघायचो. चेस्टनटच्या झाडांमधून रस्ता वर चढायचा, आणि वळणावर माझा आवाज कड्यावर आपटून परत आला की ओत्ताविया हसायची.

मित्रांनो, माझे सगळ्यात सुखाचे दिवस ते.

मग माझ्यासारखी इंजिनं बनवणं बंद होणार, अशी बोलणी सुरू झाली. बाजारात माझी किंमत चढू लागली. इव्हानोंनी त्याच आठवड्यात ठरवलं की मला ओत्तावियासाठी जपायचं. ती मोठी होईल, तिला घर घ्यायचं असेल, तेव्हा मला विकायचं. जितकी कमी चालेन तितकी जास्त किंमत येणार. डोंगर बंद झाला.

त्यांनी मला अंगणापलीकडच्या जुन्या कोठारात ठेवलं. भिंती जाड होत्या, ऊन येत नव्हतं, ओल नव्हती. उंदीर येऊ नयेत म्हणून त्यांनी खिडक्याही पक्क्या बंद केल्या आणि माझ्यावर सुती आच्छादन घातलं. याहून चांगली जागा गावात नव्हती, असं सगळेच म्हणाले.

त्या कोठाराच्या माळ्यावर व्हिनेगरची पिंपं होती. आमच्याकडे मुलगी जन्मली की तिच्या नावाने पिंपांची एक रांग सुरू करतात, मोठ्यापासून लहानापर्यंत, प्रत्येक वेगळ्या लाकडाचं. उकळून आटवलेला द्राक्षांचा रस त्यांत वर्षानुवर्षं मुरतो. उन्हाळ्यात माळा तापला पाहिजे आणि हिवाळ्यात गारठला पाहिजे, म्हणून पिंपं वरच ठेवायची, आणि तोंडावर नुसतं फडकं टाकायचं. ओत्तावियाची पिंपं तिची आत्या आर्जिया सांभाळायची. जिना चढताना ती रोज माझ्या आच्छादनाकडे बघून म्हणायची, "अजून निजलीच आहेस का गं?"

ओत्ताविया मोठी झाली. गाड्यांवरून वारा सोडून त्यांची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरीला लागली आणि बोलोन्यात भाड्याने राहू लागली. इकडे घर घ्यायची वेळ आली, असं तिच्या वडिलांना वाटलं. त्यांनी तोरिनोहून एका जाणकाराला बोलावलं. त्यांचं नाव ग्रिबाउदो. त्यांच्या गिऱ्हाईकाला तीन गाड्यांतली एक घ्यायची होती. एक मी, आणि दोन माझ्यापेक्षा पुष्कळ तरुण.

कोठार उघडण्याआधी सगळे अंगणात जेवायला बसले. आर्जियाने तळलेल्या गरम पुऱ्यांसारखा न्योक्को आणि हॅमच्या चकत्या मांडल्या. दार थोडं किलकिलं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"पहिलीत आठ सिलिंडर, दोन टर्बो आणि वर विजेच्या मोटरी," ग्रिबाउदो म्हणाले. "सुटली की डोकं सीटला चिकटतं."

"आमच्या हिच्यात बारा आहेत," इव्हानो म्हणाले.

"पप्पा, बारा असून ती त्या आठांच्या मागे राहील," ओत्ताविया म्हणाली. "टर्बो हवा कोंबतो आत. ही बिचारी आपल्या आपण श्वास घेते."

"आपल्या आपण घेते म्हणूनच गाते ती. तुमची ती आठवाली नुसती शिंकते."

"आणि दुसरीला पाठीवर पंख आहेत," ग्रिबाउदो हसत म्हणाले. "सरळ रस्त्यावर आडवे पडतात, वळणावर उभे राहतात."

"आमच्या कोंबडीलाही आहेत," आर्जिया म्हणाली. "घ्या, न्योक्को गार होतोय."

ओत्ताविया माझ्या बाजूने बोलली तेव्हा मला फार बरं वाटलं. हिला पंखांची गरज नाही, ती म्हणाली. हिचं पोट सपाट आहे आणि मागे दोन बोगदे आहेत. पोटाखालून हवा वेगाने गेली की तिथला दाब कमी होतो आणि वरची हवा गाडीला रस्त्यावर दाबून धरते. मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाली, "अर्थात नव्या गाड्या हे काम हिच्यापेक्षा कितीतरी चांगलं करतात. आमच्याकडे रोज मोजतो आम्ही."

"मग हिच्यात आहे काय?" इव्हानोंनी जरा रागानेच विचारलं.

"पुन्हा विकताना मिळणारी किंमत," ग्रिबाउदो म्हणाले. "विजेवालीची बॅटरी म्हातारी होते आणि तिच्याहून वेगवान गाडी दोन वर्षांत येतेच, म्हणून ती उतरते. पंखवाल्या थोड्याच बनल्या, म्हणून ती टिकते. ही चढते, कारण असं इंजिन पुन्हा बनणार नाही. फक्त सगळं मूळचं हवं. मूळचं आणि न उघडलेलं."

इव्हानोंनी समाधानाने हात पुसले आणि दार उघडलं. ग्रिबाउदो उंबऱ्यातच थांबले.

"इथं काही सांडलंय का?"

"कुठं काय?" इव्हानो म्हणाले.

"आंबट वास येतोय. डोळ्यांना लागतोय."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिघांनी श्वास घेऊन पाहिला. "वास नाही येत," आर्जिया म्हणाली. "कोठारात कोठाराचीच हवा असणार."

ग्रिबाउदोंनी माझ्या इंजिनावर विजेरी धरली. मॅग्नेशियमच्या झाकणांवर रंगाला फोड आले होते. नखाने टोकरल्यावर पांढरी भुकटी खाली पडली. तारांच्या जोडांवर, पितळी भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक होता. ओत्तावियाने वर पाहिलं. तिची नजर फळ्यांच्या फटींवरून हळूहळू फिरली.

"पप्पा," ती म्हणाली, "पिंपं."

इतक्या उन्हाळ्यांत वर जे उडालं ते सगळंच छपरातून बाहेर गेलं नव्हतं. आम्लाची वाफ फटींतून खाली उतरत होती, बंद खिडक्यांमुळे कोंडत होती आणि आच्छादनात मुरत होती. दुसऱ्या कुठल्याही गावात कुणी तरी नाक मुरडलं असतं. आमच्याकडे त्या वासात माणसं जन्मतात. तो कुणाला येतच नाही.

"हे उघडावं लागेल," ग्रिबाउदो हळू आवाजात म्हणाले. "झाकणं बदलावी लागतील, तारा तपासाव्या लागतील. चालेल छान. पण माझ्या गिऱ्हाईकाला हवी तशी उरणार नाही."

"त्या पैशांत घर येईल?"

"अंगण येईल, बेल्लेईसाहेब."

ते गेल्यावर इव्हानो उलट्या बादलीवर बसले. "दोन्ही तिच्यासाठीच ठेवलं होतं मी," ते म्हणाले. "पिंपं वर, ही खाली."

"माझ्या पिंपांना बोल लावू नकोस, इव्हानो," आर्जिया म्हणाली. "त्यांनी त्यांचं काम केलं. हिला तिचं काम तू करू दिलं नाहीस."

ओत्ताविया वडिलांसमोर उकिडवी बसली. "घराचं मी बघेन. मला विचारलं असतंत तर मी डोंगर मागितला असता." इव्हानोंना खरंच कधी विचारायचं सुचलं नव्हतं.

मला मेकॅनिककडे नेलं, तिथे हिवाळाभर राहिले. आता माझी झाकणं नवी आहेत, तारा निम्म्या नव्या आहेत आणि बाजारात माझं नाव खाली गेलं आहे. आर्जियाने घरातल्या आपल्या बाजूच्या दोन खोल्या ओत्तावियाला रिकाम्या करून दिल्या आणि माळ्याच्या जिन्याची किल्लीही तिच्या हातात ठेवली. मी चेरीच्या झाडाजवळ साध्या शेडखाली उभी असते. पाठीवर पाखरं घाण करतात. वारा लागतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणासाठी तरी जपून ठेवलेलं काही असेल. एखादा रेशमी कपडा असेल, वाद्य असेल, सायकल असेल. ते अधूनमधून बाहेर काढा, पुसा, वापरा. ज्या वासाची सवय झाली आहे तो कुणा परक्याला विचारून बघा. आणि ज्याच्यासाठी ते ठेवलं आहे, त्याला एकदा हवं-नको विचारा.

परवा रविवारी ओत्ताविया माझ्या स्टिअरिंगमागे बसली. इव्हानो शेजारच्या सीटवर होते, आणि त्यांचे पाय हलत होते.

"चल ना," ते म्हणाले.

"थांबा, पप्पा. तेल अजून झोपलंय."

दोघं काट्याकडे बघत बसली. मी माझ्या बाराही सिलिंडरांनी हळूहळू श्वास घेत होते. काटा वर आला. तिने वडिलांकडे पाहिलं, आणि तो शब्द त्यांच्यासाठी ठेवला.

"आता," इव्हानो म्हणाले.